गवताचा पक्ष आणि गेंड्याचा पक्ष

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, डरबन शहराच्या उत्तरेस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेले ह्लुह्लुवे-इम्फोलोझी हे राखीव वन्यजीव क्षेत्र जगाला ठाऊक आहे ते पांढऱ्या गेंड्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिकारीमुळे दक्षिणी पांढरा गेंडा नामशेष होण्याच्या बेतात असताना, काळी इम्फोलोझी आणि पांढरी इम्फोलोझी या नद्यांच्या संगमाभोवती त्याचे शंभराहूनही कमी प्राणी उरले होते. 1895 मध्ये हा मुलूख राखीव घोषित झाला आणि आज जगात जिथे जिथे हा गेंडा आहे, तिथला जवळजवळ प्रत्येक प्राणी त्या मोजक्या पूर्वजांचा वंशज आहे. राखीव क्षेत्र या कल्पनेचा उगमच शिकारीयोग्य प्राणी राखून ठेवण्यात असल्यामुळे कायद्याच्या आणि लोकांच्या नजरेत प्राणी आधी आले, आणि ज्या गवतावर व झाडोऱ्यावर ते जगतात तो चारा म्हणून, फार तर पार्श्वभूमी म्हणून, मागे राहिला.

प्रत्यक्षात सुमारे 960 चौरस किलोमीटरच्या या कुंपणबंद भूभागात वनस्पतींच्या हजाराहून अधिक जाती आहेत. उत्तरेकडील ह्लुह्लुवेच्या टेकड्यांवर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर दक्षिणेकडील इम्फोलोझीच्या खोऱ्यात तो सहाशेच्या घरात उतरतो, आणि पावसाच्या या उतरंडीबरोबर माथ्यावरचे सदाहरित रान, उतारावरची उंच गवताची कुरणे, खोऱ्यातली काटेरी सवाना (म्हणजे सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडे असा प्रदेश) आणि नदीकाठची, आपल्या उंबराच्या जवळच्या नात्यातली सायकमोर अंजिराची झाडे अशी रूपे एकामागून एक येतात. सह्याद्रीप्रमाणेच हा प्रदेशही जैवविविधतेच्या ‘हॉटस्पॉट’मध्ये गणला जातो, म्हणजे अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या वनस्पती जिथे विपुल आहेत, पण जिथला मूळ अधिवास बव्हंशी नष्ट झालेला आहे, अशा मोजक्या प्रदेशांत त्याचा समावेश होतो.

अशा ठिकाणी राखायचे ते नेमके काय, या प्रश्नावर दोन दृष्टी समोरासमोर येतात. त्या येथे दोन प्रातिनिधिक अभ्यासकांच्या तोंडी घातल्या आहेत: एक प्राणिशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक, आणि दुसऱ्या त्यांच्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या, वयाने लहान पण मताने ठाम असलेल्या प्राध्यापिका.

वनस्पतिशास्त्रज्ञ : सर, राखीव क्षेत्राचे यश गेंडे, सिंह आणि हत्ती यांच्या शिरगणतीवरून ठरवण्याची रीत मुळातच अपुरी आहे. ह्लुह्लुवेची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली हवाई छायाचित्रे आणि आजची स्थिती शेजारी ठेवली, तर जिथे उघडी कुरणे दिसतात तिथे आज व्हाचेलिया कारू हा आपल्या बाभळीचा भाऊबंद, महाराष्ट्राच्या कोरड्या रानांतही वाढणारी सिगमकाठी आणि युक्लियाची सदाहरित झुडपे यांची दाटी झालेली आढळते. यालाच झुडपी आक्रमण म्हणतात: बाहेरून आलेली नव्हे, तर त्याच भूमीतली झाडे प्रमाणाबाहेर वाढून गवताला सावलीत घेतात आणि उन्हात वाढणाऱ्या गवताच्या व रानफुलांच्या जाती तिथून निघून जातात. हे सर्व घडत असताना गेंड्यांची संख्या वाढतच होती, त्यामुळे प्राण्यांच्या हिशेबाने सगळे उत्तम चालले होते.

प्राणिशास्त्रज्ञ : बाई, निरीक्षण खरे आहे, पण त्याचा इतिहास अर्धाच सांगितला गेला. त्से-त्से माशीमुळे गुरांना होणाऱ्या ‘नागाना’ या रोगाचा परजीवी जंतू वन्य प्राण्यांच्या रक्तात त्यांना फारशी इजा न करता राहतो. डेव्हिड ब्रूस यांनी 1890 च्या दशकात, याच भागात, म्हणजे झुलुलँडमधील उबोम्बो येथे, हा जंतू आणि माशी यांचा संबंध दाखवून दिला. पुढे आसपासच्या पशुपालक वसाहतवाल्यांनी असा निष्कर्ष काढला की वन्य प्राणी संपवले म्हणजे रोग संपेल. पहिल्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत, थांबून थांबून चाललेल्या मोहिमांमध्ये, केवळ गेंडे वगळून लाखभर प्राणी गोळ्या घालून मारले गेले, आणि शेवटी माशी हटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून फवारलेल्या डीडीटीमुळे. काटेरी झाडांची कोवळी रोपे खाणारी हरणे आणि गवत खाणारे कळप एकाच वेळी नाहीसे झाल्यावर रोपांना तोंड लावणारे कोणी उरले नाही. वनस्पतींचे आजचे रूप हा प्राण्यांच्या संहाराचा परिणाम आहे. उपाय शोधायचा तो प्राण्यांमध्येच शोधावा लागेल.

वनस्पतिशास्त्रज्ञ : प्राणी परत आले तरी झुडपे मागे हटली नाहीत, याचे उत्तर त्या इतिहासात मिळत नाही. एकदा उंची गाठलेले काटेरी झाड हरणाच्या तोंडालाही लागत नाही आणि गवतातून जाणाऱ्या आगीच्या ज्वाळेलाही लागत नाही. संहाराच्या काळात निसटलेली पिढी आज बी टाकते आहे.

प्राणिशास्त्रज्ञ : म्हणूनच पांढऱ्या गेंड्याकडे केवळ वाचवायचा प्राणी म्हणून पाहणे थांबवले पाहिजे. दोन टनांहून अधिक वजन गाठणारा हा प्राणी रुंद, सपाट ओठांनी गवत जमिनीलगत कातरतो, आणि तो ज्या ठिकाणी पुन्हा पुन्हा चरतो तिथे उंच गवताची जागा बुटके, पसरट, सरपटत वाढणारे गवत घेते. या चराऊ हिरवळीत डिजिटेरिया, युरोक्लोआ, स्पोरोबोलस अशा गवतांबरोबर महाराष्ट्रात पूजेला लागणारी दूर्वा, म्हणजे हरळी, हीसुद्धा असते. त्यांची वाढीची टोके मातीलगत असल्यामुळे कातरण्याने त्यांचे नुकसान होत नाही. उलट उंच गवताची सावली हटते, शेण-मुताने माती सकस होते, आणि मग वाइल्डबीस्ट, झेब्रा, इम्पाला त्याच हिरवळीवर येऊन तिला आखूड ठेवतात. शिवाय हिरवळीत जळण्याजोगे काही नसल्याने वणवा तिच्या कडेला येऊन थांबतो. ज्या भागांतून गेंडे पकडून बाहेर नेले गेले त्यांची तुलना गेंडे राहू दिलेल्या भागांशी करणारा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ह्लुह्लुवेत गेंडे हटताच गवत उंचावले, आणि एकंदर क्षेत्रात आगी अधिक मोठ्या व अधिक सलग पसरू लागल्याचे त्यात दिसले. गवताच्या जातींचे वैविध्य राखणारा माळी म्हणजे हा गेंडाच आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ : त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही सांगितला पाहिजे, सर. कमी पावसाच्या इम्फोलोझीत गेंडे नेले तरी हिरवळीत तसा फरक पडला नाही, कारण तिथे गवत मुळातच हळू वाढते आणि बाकीचे चरणारे प्राणी त्याला आवरू शकतात. म्हणजे कोणत्याही प्राण्याचे कार्य पाऊस, माती आणि गवताची जात यांनी ठरते. ‘गेंडा सर्वत्र माळी’ असे सामान्य विधान करता येत नाही.

या टप्प्यावर वाद संपला असे वाटण्याची शक्यता आहे, पण खरे तर येथूनच तो खोल जातो. दोन्ही अभ्यासक एकाच पुराव्याकडे बोट दाखवत आहेत, आणि तो पुरावा प्राणी व वनस्पती यांना वेगळे काढण्याच्या सवयीविरुद्धच जातो. एकाच मैदानात हातभर उंच गवताचा पट्टा आणि त्याच्या शेजारी बोटभर हिरवळ असणे म्हणजे दोन वेगळ्या अधिवासांची सरमिसळ असते, आणि फुलझाडे, टोळ, भुईवर घरटी करणारे पक्षी व त्यांच्या शिकाऱ्यांपर्यंत सर्वांची विविधता त्या सरमिसळीवर उभी असते. ही सरमिसळ घडवणाऱ्या शक्ती दोन: चरणारे तोंड आणि आग. आगीबद्दल मात्र प्राणिप्रेमी वाचकांच्या मनात जो सरसकट तिटकारा असतो त्याला आफ्रिकी सवानाच्या बाबतीत आधार नाही, आणि या मुद्द्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे सविस्तर ऐकण्याजोगे आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ : ह्लुह्लुवेच्या उतारांवरचे मुख्य उंच गवत म्हणजे थेमेडा ट्रायान्ड्रा, सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरही ते वाढते. काही वर्षे ते जळले नाही तर स्वतःच्याच वाळलेल्या पात्यांच्या सावलीत गुदमरते आणि त्याचे ठोंब मरू लागतात. अति चराई झाली तरीही ते जाते. म्हणून ठरावीक अंतराने आग ही त्याची गरज आहे. काटेरी झाडांच्या रोपांसाठी हीच आग सापळा ठरते: रोप वाढते, वणव्यात वरून जळते, जिवंत मुळातून पुन्हा फुटते, पुन्हा जळते, आणि असे दशकभरही गुडघ्याएवढेच राहू शकते. दोन आगींच्या मधल्या काळात ज्वाळेच्या वर डोके काढता आले तरच त्याचे झाड होते. सवानात झाडे किती आणि गवत किती, याचा निकाल या शर्यतीत लागतो. लोहयुगातल्या शेतकऱ्यांपासून झुलू गुराख्यांपर्यंत माणसाने येथे शतकानुशतके गवत पेटवले आहे, आणि आजही उद्यानाचे कर्मचारी नियंत्रित जाळ लावतात. तो किती अंतराने, कोणत्या ऋतूत आणि किती दाह असेल अशा बेताने लावायचा, हा या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

प्राणिशास्त्रज्ञ : मग जाळाचे वेळापत्रक सुधारले की प्रश्न सुटावा.

वनस्पतिशास्त्रज्ञ : तसे होत नाही, कारण शर्यतीतल्या एका स्पर्धकाला बाहेरून खुराक मिळतो आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक सवाना-गवते ‘सी-4’ प्रकारची आहेत, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पानाच्या आत एकवटून वापरण्याची सोय त्यांच्यात आहे, म्हणून तो विरळ असला तरी त्यांचे अडत नाही. झाडांकडे ही सोय नसते. औद्योगिक काळापूर्वी हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे 280 होते तेव्हा जळालेल्या रोपाला मुळात साठा करून पुन्हा उभे राहणे जड जाई. आज ते प्रमाण 420 च्या वर आहे. व्हाचेलिया कारू आणि बाभूळ या दोन्हींची रोपे वेगवेगळ्या प्रमाणातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून पाहिल्यावर ती वाढत्या प्रमाणाबरोबर जोमाने वाढतात, मुळांचा साठाही वाढवतात, असे दक्षिण आफ्रिकी संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे पूर्वी जी आग रोपाला खाली दाबून ठेवी, तीच आग आज अपुरी पडते. या बदलाला कुंपण अडवू शकत नाही आणि गेंडाही अडवू शकत नाही. अशा स्थितीत ‘निसर्गाला त्याचे काम करू द्या’ हे म्हणणे म्हणजे कुरणे झुडपांच्या हवाली करणे होय.

महाराष्ट्रातल्या वाचकाने येथे क्षणभर आपल्या माळरानांकडे पाहावे, कारण जिथे झाडे जास्त तिथे निसर्ग जास्त, या समजुतीने येथेही गवताळ प्रदेशांना पडीक ठरवून त्यांवर वृक्षलागवड केलेली आहे, आणि माळढोकासारख्या उघड्यावरच्या पक्ष्याने त्याची किंमत मोजली आहे. ह्लुह्लुवेचा प्रश्न परका नाही.

प्राणिशास्त्रज्ञ : हस्तक्षेपाच्या बाजूने एवढे बोलल्यावर हस्तक्षेपाचा पूर्वेतिहासही पाहावा. हत्ती या भागातून शिकारीमुळे संपले होते. 1981 पासून क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून पिल्ले आणून त्यांचे पुनर्वसन झाले. क्रूगरमध्ये त्या काळी हत्तींची संख्या आवरण्यासाठी दरवर्षी कळपच्या कळप मारले जात. 1967 ते 1994 या काळात असे चौदा हजारांहून अधिक हत्ती मारले गेले, आणि त्यांतून वाचवलेली ही पोरकी पिल्ले होती. वडीलधाऱ्या नरांवाचून वाढलेले यांतले काही तरुण नर 1990 च्या दशकात लवकर माजावर आले आणि त्यांनी येथे, तसेच दक्षिण आफ्रिकेतल्याच पिलान्सबर्ग या उद्यानात, गेंडे ठार मारले. पिलान्सबर्गमध्ये क्रूगरहून मोठे नर आणून सोडल्यावरच हा प्रकार थांबला. संख्येचे गणित अचूक असूनही प्राण्यांचा समाज समजून न घेतल्याची ही फळे आहेत. झाडोऱ्याच्या रक्षणासाठी हत्ती कमी करा, असे म्हणणाऱ्यांनी हा धडा विसरू नये.

वनस्पतिशास्त्रज्ञ : हत्ती मारावेत असे या बाजूचे म्हणणे नाही. पण नॉबथॉर्न आणि मारुला यांची जुनी झाडे हत्ती सोलतात व पाडतात, आणि खुल्या मुलखात हत्ती पुढे निघून गेल्यावर झाडांना जी विश्रांती मिळे ती कुंपणाच्या आत मिळत नाही, हे नाकारता येणार नाही. हत्तीने युक्लियाची झुडपे संपवावीत अशी अपेक्षा होती. त्याला मात्र मारुलाच गोड लागतो. कुंपण घातले त्या दिवशीच प्राण्यांची ये-जा थांबली, म्हणजे सर्वांत मोठा हस्तक्षेप झालेला आहे. आता प्रश्न फक्त इतकाच उरतो की पुढचे निर्णय कोणत्या मोजमापाने घ्यायचे.

कुंपणाचा हा मुद्दा प्राणिशास्त्रज्ञांना मान्य करावा लागतो, आणि या क्षेत्राच्या व्यवस्थापनाने तो फार पूर्वी एका वेगळ्या रीतीने मान्य केलेला आहे. येथून गेंडे बाहेर नेण्याचे काम 1960 च्या दशकाच्या आरंभी इयान प्लेयर आणि त्यांचे सहकारी यांच्या ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ मोहिमेने सुरू झाले, ज्यात एटॉर्फिनसारख्या भूल देणाऱ्या औषधामुळे एवढा मोठा प्राणी सुखरूप हलवणे शक्य झाले. पुढे 1980 च्या दशकात गेंडे पकडण्याला पर्यावरणशास्त्रीय शिस्त लावण्यात आली: क्षेत्राच्या कडेला काही पट्टे ‘विसर्ग क्षेत्र’ म्हणून ठरले, तेवढ्यातूनच गेंडे उचलायचे, आणि मधल्या गाभ्यात प्राण्यांनी आपली दाटी स्वतः ठरवावी, तरुण गेंड्यांनी मोकळ्या झालेल्या कडेकडे आपणहून सरकावे, अशी ही योजना होती. कुंपणापूर्वीच्या स्थलांतराची ती माणसाने केलेली प्रतिकृती म्हणता येईल. या लेखाच्या मते दोन्ही पक्षांच्या मांडणीपेक्षा ही योजना अधिक शहाणी आहे, कारण तिच्यात संख्या न ठरवता प्रक्रिया जपली जाते. मात्र तिच्या यशाची सांगड गवताच्या स्थितीशी घालावी लागते, आणि तिथे वनस्पतिशास्त्रज्ञांचा आग्रह रास्त ठरतो.

तणांच्या बाबतीत दोघांचे दुमत नाही. रानमोडी हे मूळचे अमेरिका खंडातले झुडूप ह्लुह्लुवेच्या रानकडांवर इतके माजले की या शतकाच्या आरंभी ते काढण्यासाठी मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. ते वाळले की भडकून पेटते आणि एरवी रानाच्या कडेला थांबणारी आग आत नेते. इम्फोलोझी नदी पुढे ज्या सेंट लुसिया सरोवराच्या परिसरात समुद्राकडे जाते, तिथे याच झुडपाच्या सावलीने नाईल मगरींची घरटी थंडावतात, आणि मगरीच्या पिलाचे लिंग अंड्याच्या तापमानावर ठरत असल्यामुळे नर-मादींचे प्रमाणच बिघडण्याचा धोका निर्माण होतो. एका वनस्पतीने प्राण्याच्या वंशात केलेली ही ढवळाढवळ दोन्ही पक्षांना सारखीच बोलकी वाटते. गाजरगवताची कथा तर मराठी वाचकाच्या परिचयाची आहे: 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण दक्षिण आफ्रिकेत 1880 पासून नोंदलेले असले, तरी 1984 च्या जानेवारीत आलेल्या डोमोइना चक्रीवादळानंतर ते विशेष फोफावले. त्याच वादळाच्या पुराने इम्फोलोझीच्या काठची सायकमोरची जुनी झाडेही उखडून नेली होती. भारतात 1984 मध्ये सोडलेला मेक्सिकन भुंगा, जो गाजरगवताची पाने खातो, तो दक्षिण आफ्रिकेतही 2013 पासून सोडला जात आहे.

प्राणिशास्त्रज्ञ : हे सर्व मान्य करूनही, बाई, आजची निकड वेगळी आहे. 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेत शिंगांसाठी 499 गेंडे मारले गेले आणि त्यांपैकी 307 या एकाच क्षेत्रातले होते. गेंड्याचे शिंग केराटिनचे, म्हणजे नखाच्याच द्रव्याचे असते आणि कापले तर पुन्हा वाढते, म्हणून 2024 मध्ये येथे शिंगे कापण्याची मोठी मोहीम झाली. माणसे, पैसा आणि वाहने मर्यादित असताना ती गस्तीला द्यायची की झुडपे तोडायला?

वनस्पतिशास्त्रज्ञ : गस्तीलाच द्यावीत. पण झुलुलँडमध्ये औषधी सालीसाठी पेपरबार्क वृक्ष सोलून सोलून दुर्मिळ झाला, त्याच्या तोडीची बातमी होत नाही आणि त्याच्यासाठी वेगळी गस्तही नसते, एवढे तरी त्या गस्तीच्या आदेशात लिहावे. आणि मेलेल्या गेंड्यांचा हिशेब केवळ सांगाड्यांत न मांडता, त्यांच्या मागे किती हिरवळ उंच गवताखाली गेली, हेही दरवर्षी मोजावे. विसर्ग क्षेत्रांच्या योजनेत गेंडे कोठून उचलायचे हे पर्यावरणशास्त्र ठरवत होते. आता ते शिकारी ठरवतात.

प्राणिशास्त्रज्ञ : मग गेंडे बाहेर पाठवणे काही वर्षे पूर्ण थांबवावे, हा निष्कर्ष निघतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ : इम्फोलोझीच्या कोरड्या खोऱ्यातून पाठवायला हरकत नसावी, तिथे इम्पाला आणि वाइल्डबीस्ट हिरवळ सांभाळतील. ह्लुह्लुवेच्या ओल्या उतारांवरून एकही हलवू नये. तिथला रानरेडा उंच गवत खातो खरा, पण जिभेने गुंडाळून वरच्यावर तोडतो. ते जमिनीपर्यंत कातरून आणणारा, गेंड्याची जागा घेईल असा दुसरा प्राणी त्या उतारांवर नाही.